फेसाचं औषध

"अंगठा राह्यते का जाते तेवढं सांगा साहेब," शिवराम दिघोरे म्हणाला. "बाकीचं मंग आयकतो."

बाकीचं म्हणजे आमच्या डॉक्टर सरांचं शुगरवरचं भाषण. ते भाषण सर प्रत्येक पेशंटला देत आणि मध्ये कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला त्यानंतरची ही गोष्ट. मी तेव्हा आमच्या लहानशा दवाखान्यात ड्रेसिंग रूमची सिस्टर होते.

शिवराम अड्याळकडचा, तलावात मासे धरणारा. शिंगाडे काढताना पायाच्या अंगठ्याखाली काटा रुतला. शुगरमुळे पाय बधिर, म्हणून त्याला कळलंच नाही. कळलं तेव्हा काट्याची चांगली खोल जखम झाली होती.

"महिनाभर बघू," सर म्हणाले. "नाही भरली तर नागपूरला जा. अंगठा काढतील."

"चिखलात मानूस अंगठ्यावरच उभा राह्यते साहेब. अंगठा गेला तं जाळं का बसून फेकू?"

यावर सरांनी भाषण आवरतं घेतलं. त्यांनी केस माझ्याकडे पाठवली.

जखम भरते कशी, ते सांगते. आधी शरीर आतली घाण साफ करतं. मग तळातून लाल, दाणेदार मांस वर येऊ लागतं. त्याला आम्ही ग्रॅन्युलेशन म्हणतो. ते दिसलं की सिस्टरचा जीव भांड्यात पडतो. शेवटी कडेची कातडी हळूहळू मध्ये सरकते. ती इतकी पातळ असते की पट्टीचा सुकलेला गॉज ओढला तरी निघून येते. म्हणून सलाइनने, म्हणजे मिठाच्या स्वच्छ पाण्याने, हलकं धुवायचं, बांधायचं आणि आपला हात मागे घ्यायचा. हे शेवटचंच लोकांना जमत नाही.

शिवरामच्या जखमेत लाल दाणे दिसले आणि मी खूश झाले. पुढच्या खेपेला पाहते तर तिथं पांढरंफटक. शिवाय पट्टीची गाठ माझी नव्हती.

"पट्टी कोणी सोडली?"

"मीच सोडतो ना रोज," त्याची बायको शेवंताबाई म्हणाली.

"काहून?"

"धुवाले. तुमच्या मिठाच्या पान्यानं का होते बाई? फेस येत नाही, काही नाही." तिने पिशवीतून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली काढली. "हे पाहा, मेडिकलमधून आनलं. कसं फसफस करते. पुरी घान काढते."

घाण काढतं, खरं आहे. पण घाण कोणती आणि नवं मांस कोणतं, हे त्या औषधाला कळत नाही. धानाची रोवणी झालेल्या बांधीत रोज नांगर फिरवावा, तसं चाललं होतं. शिवरामला झोंबतही नव्हतं, त्यामुळे तोही खूश. मला फार राग आला. पण चिडायचं कोणावर? बाईने नवऱ्याच्या पायाची एवढी सेवा केली होती की पाय जायची वेळ आली होती.

सरांनी दोघांना बोलावून पेशींवर भाषण दिलं. दोघांनी माना डोलावल्या. पुढच्या खेपेला जखम पुन्हा पांढरी.

मग मी बाटलीच मागून घेतली. "औषध भारी आहे," मी म्हटलं. "पण घरी नको, इथंच वापरू. आणि यानंतर बांधलेली पट्टी घरी सोडली, तर सगळा गुण जातो."

"पयलेच सांगाचं ना बाई," शेवंताबाई म्हणाली.

तेव्हापासून आमचं ठरलं. काढलेली जुनी पट्टी ट्रेमध्ये ठेवायची आणि औषध तिच्यावर ओतायचं. रक्त-पू लागलेल्या गॉजवर ते असं उसळायचं की दोघं नवरा-बायको ट्रेवर वाकून बघत बसायचे. तेवढ्यात मी पाय सलाइनने धुऊन बांधून टाकायची.

एकदा सर आत आले. "सिस्टर, हे कसलं सायन्स?"

"ही करमणूक आहे सर. सायन्स पायावर चालू आहे."

सर हसू दाबत परत गेले. नागपूरची चिठ्ठी त्यांनी लिहिली नाही.

शुगरच्या गोळ्या वेळेवर गेल्या, पाय खाटेवर राहिला, आणि मुख्य म्हणजे पट्टी बंद राहिली. लाल दाणे वर आले, कडा जवळ आल्या, जखम मिटली. शिवराम दाखवायला आला तेव्हा त्याने पाचही बोटं फरशीवर गच्च दाबून दाखवली. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

"आता तलावात बूट घालून जायचं," मी दरडावलं.

"बूट घालून मच्छी धराची का पोलिसात भरती व्हाचं?" तो म्हणाला.

पुढे एका मीटिंगमध्ये सरांनी ही केस पेशंट एज्युकेशनचा उत्तम नमुना म्हणून सांगितली. शिवरामने गावभर फेसाचं नाव केलं. त्याच्या गावचे लोक आता आल्या आल्या विचारत, "फेसवाली बाई कोनती?" मी कोणालाच दुरुस्त केलं नाही.

नोकरीत एवढंच शिकले. जखम आपली आपण भरते. आमचं काम म्हणजे, ती भरेपर्यंत तिच्यावर जीव टाकणाऱ्यांना दुसरीकडे कुठंतरी गुंतवून ठेवणं.