आदली गाडी सुटल्याशिवाय

आमच्या व्याह्यांना आजवर जेवढे धक्के बसले, तेवढे उभ्या सिंधुदुर्गात दुसऱ्या कुणाला बसले असतील हे मला खरं वाटत नाही. आणि एवढे धक्के खाऊन रोज दुपारी बांगड्याचं तिखलं नि भात चापून घोरत पडणारा माणूस तर दुसरा नाहीच. मालवणच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात माझी मुलगी त्यांच्या घरी दिली, तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक धक्क्याचा मी साक्षीदार आहे. दोन घरांच्या मध्ये एक व्हाळ, म्हणजे लहानसा ओढा, आणि चार माड. त्यामुळे सकाळी त्यांनी पडवीत वर्तमानपत्र उघडलं आणि "माका धक्को बसलो" असं म्हटलं, की ते आमच्या न्हाणीघरात ऐकू येतं. आवाज कमावलेला आहे. हयातभर ते कणकवलीच्या स्टँडवर एसटीचे कंट्रोलर होते. फोंडाघाट मार्गे कोल्हापूरला जाणारी गाडी कुठल्या फलाटाला लागली आहे, हे भोंग्यावर सांगताना ते शुद्ध पुस्तकी मराठी बोलत आणि भोंगा बंद केला रे केला की मालवणीत त्या गाडीच्या ड्रायव्हरचा उद्धार करत. निवृत्तीनंतरही ती सवय राहिली. बातमी वाचायची भोंग्याच्या मराठीत, धक्का मात्र मालवणीत. तो बसला की स्वयंपाकघरातून आमच्या विहीणबाई हातातलं काम न थांबवता म्हणत, "होय म्हाराजा." आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालणारा काहीही म्हणो, मागची मंडळी "होय म्हाराजा" म्हणतात, तसं. काय बसला, कशाचा बसला, हे त्या माउलीने कधी ऐकून घेतलं असेल असं मला वाटत नाही. पण तिचं "होय म्हाराजा" आल्याशिवाय व्याही पान उलटत नसत.

आता खरी गंमत सांगतो. ज्या बातमीचा त्यांना आज धक्का बसे, ती बातमी जगाने केव्हाच पचवलेली असे. त्याचं कारण त्यांची वाचायची रीत. पहिल्या पानावरच्या तारखेपासून शेवटच्या पानावर खाली बारीक अक्षरात छापलेल्या मुद्रकाच्या पत्त्यापर्यंत सगळं वाचायचं. निविदा, हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहिराती, श्रद्धांजल्या, वधू पाहिजे, काही म्हणता काही सोडायचं नाही. असा एक अंक त्यांना दिवसात पुरा होत नाही आणि तो पुरा झाल्याशिवाय पुढच्याला ते हात लावत नाहीत. मी एकदा म्हटलं, अहो, जुने राहू देत बाजूला, आजचा घ्या. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, की मी जणू भर फलाटावर गाडी आडवी घालायला सांगितली होती. "आदली गाडी सुटल्याशिवाय फुडची फलाटार लागूची नाय, व्याह्यांनू," ते म्हणाले, आणि विषय संपला. त्यात मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग चष्म्याचा नंबर चुकला, आणि बघता बघता अंकांची थप्पी पडवीत खिडकीच्या गजापर्यंत चढली. मी हे ज्या काळाचं लिहितो आहे त्या काळात व्याही जगाच्या पाच-सहा महिने मागे होते. घरात टीव्हीवर बातम्या लावायला बंदी. मोबाइलवरच्या गावच्या ग्रुपमधून ते स्वतः बाहेर पडलेले. कुणी बोलता बोलता ताजी बातमी काढली की कानावर हात. "फुडला सांगू नकात." माझा जावई पर्यटकांसाठी घरगुती खानावळ चालवतो. तिथे आलेल्या एका पुणेकराने सहज विचारलं, आज काय विशेष? व्याह्यांनी त्याला मागच्या अधिवेशनातली खडाजंगी अशी रंगवून सांगितली, की तो माणूस सोलकढी प्यायचा थांबला. आणि मला आश्चर्य याचं वाटलं, की त्याला ते शिळं आहे हे अखेरपर्यंत कळलं नाही.

राजकारणात तर या रीतीने कहर केला. देवीच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान व्याह्यांच्या घराण्याकडे आहे. निवडणूक लागली तेव्हा आमच्या भागातला एक उमेदवार प्रचाराचा नारळ ठेवायला पंचवीस गाड्या घेऊन आला. हा गृहस्थ आदल्याच उन्हाळ्यात आपला जुना पक्ष सोडून समोरच्या पक्षात गेला होता. शेंबड्या पोराला माहीत होतं. फक्त व्याह्यांच्या थप्पीत ती बातमी अजून न वाचलेली पडून होती. आम्ही सगळे हात जोडून उभे. व्याह्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली.

"बा देवी म्हाराजा, आज हो तुझो लेकरू तुझ्या पायाकडे इलो आसा."

"होय म्हाराजा."

"तेका यश दी. आणि जे कोण हेचो पक्ष सोडून पलीकडे पळाले, तेंका अशी अद्दल घडव, की तेनी नाक घासत माघारी येवक व्हया."

"होय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज खुद्द उमेदवाराचा होता. त्याचे हात जोडलेले, मान खाली, आणि जिभेला लहानपणापासूनचं वळण. म्हणून झाल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी जन्मात विसरणार नाही. कार्यकर्ते एकमेकांकडे बघू लागले. एकाने नारळ परत घेता येईल का असं दबक्या आवाजात विचारलं, तर गुरवाने त्याला डोळ्यांनीच बाहेरची वाट दाखवली. देवीपुढे ठेवलेला नारळ आणि सुटलेली एसटी माघारी येत नाही. पुढे तो माणूस निवडून आला, आणि गुलाल धुतला जायच्या आत आपल्या जुन्या पक्षात माघारी गेला. देवीने गाऱ्हाणं शब्दशः ऐकलं म्हणून गाव चाट पडलं. व्याही तेवढे शांत होते, कारण त्यांच्या लेखी तो कुठे गेलाच नव्हता. पुढे यथावकाश त्याच्या पक्षांतराची बातमी त्यांच्या वाचनात आली तेव्हा त्यांना जबर धक्का बसला, नाही असं नाही. पण मी म्हटलं, अहो, तो परतही आला. त्यावर ते चष्मा पुसत म्हणाले, की राजकारण असंच सावकाश वाचावं, तोवर माणसं आपापल्या जागेवर येतात.

पण याच खोडीपायी एकदा माझी मान खाली जायची वेळ आली होती. खाडीकडच्या वाडीतला एक होडीवाला वारला. त्याचं दिवसकार्य होऊन कितीतरी महिने उलटले होते, आणि एका सकाळी व्याही धुतलेला पांढरा सदरा घालून, छत्री घेऊन माझ्या दारात उभे. चला म्हणाले, समाचाराला जायचं आहे. मी परोपरीने समजावलं, की आता जाणं बरं दिसणार नाही, जखमेवरची खपली कशाला काढता. ऐकतील तर शपथ. त्या बाईच्या अंगणात उभं राहून ते म्हणाले, "बायो, तुझो घोव गेलो म्हणान कालच वाचलंय. माका मोठो धक्को बसलो. कसो गेलो?" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या बाईने त्यांचा सदरा पाहिला, छत्री पाहिली. मग हातातलं सूप बाजूला ठेवून पायरीवर बसली आणि पहिल्यापासून सगळं सांगू लागली. सगळ्या गावाचं विचारून संपल्यानंतर विचारायला आलेला हा एकटाच होता. निघताना तिने आम्हाला आग्रहाने लिंबाचं सरबत दिलं.

मग मार्गशीर्षात आमच्या विहीणबाई गेल्या. सकाळी नारळ खवता खवता बसल्या जागी कलंडल्या. आजार नाही, काही नाही. मुलीने हाक मारली म्हणून मी व्हाळ ओलांडून धावत गेलो, तेव्हा व्याही उठून कामाला लागले होते. कणकवलीला कुणाला फोन करायचा, मुंबईची मंडळी कुठल्या गाडीने पोचतील, लाकडं कोण आणील, हे ते स्टँडवरच्या आवाजात नेमून देत होते. त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. स्मशानात नाही, तिसऱ्या दिवशी नाही, तेराव्याला नाही. बायका कुजबुजायला लागल्या. मलाही, खरं सांगतो, राग आला. जन्मभर क्षुल्लक गोष्टींचे धक्के घरादाराला ऐकवणारा हा माणूस, आणि आता एक शब्द नाही? मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, व्याही, मोकळे व्हा. त्यांनी पडवीतल्या थप्पीकडे पाहिलं. त्यांच्या वाचनात तेव्हा आषाढ चालू होता.

"अजून माझ्या वाचनात येवक नाय," ते म्हणाले.

मला जो धक्का बसला तो मी कुणाला सांगू शकलो नाही. त्यांना वेड लागलं नव्हतं, सगळं समजत होतं. पण आषाढातल्या वर्तमानपत्रात त्यांची बायको जिवंत होती, स्वयंपाकघरात होती, आणि तिथवर त्यांची गाडी पोचायला अवकाश होता. जावयाने दिलेली श्रद्धांजली फोटोसह छापून आली. तो अंकही न उघडता थप्पीत आपल्या जागी गेला. माझी मुलगी घाबरली. बाबा, तो अंक काढून जाळून टाकू का, म्हणाली. मी म्हटलं, नको गो, सगळ्या जिल्ह्याच्या गाड्या ज्याने सांभाळल्या त्याला एक गाडी रद्द झालेली कळणार नाही होय? मग आम्ही दोघं तो अंक एकेका दिवसाने जवळ येताना बघत राहिलो. व्याही वाचत होते, त्यांना धक्के बसत होते, पण आता "माका धक्को बसलो" म्हटल्यावर ते आतल्या दाराकडे कान देऊन थांबत. एकदा मुलीला राहवलं नाही. तिने आतून हळूच "होय म्हाराजा" म्हटलं. व्याह्यांनी चष्मा काढला आणि त्या दिवशी पुढे वाचलंच नाही. तिने पुन्हा कधी ते म्हटलं नाही.

चतुर्थी तोंडावर आली तेव्हा मुलीने सांगितलं, की मामंजी एकाच अंकावर अडकलेत, तोच तो निविदांचा कोपरा पुन्हा पुन्हा वाचतात. तो अंक मार्गशीर्षातला होता, विहीणबाईंच्या फोटोच्या आदला. मी तिकडे फेऱ्या मारू लागलो, पण विचारायची छाती होईना. गाडी फलाटावर उभी होती आणि कंट्रोलर शिट्टी वाजवत नव्हता.

आणि एका सकाळी आमच्या दारापुढच्या खळ्यात, अंगणात, ते उभे दिसले. धुतलेला पांढरा सदरा, हातात छत्री. समाचाराला जायचा पोशाख. मी नकळत विचारणार होतो, की आज कुणाकडे? पण ते आत आले, खुर्चीवर बसले, छत्री मांडीवर आडवी ठेवली. त्यांचा आवाज त्यांच्या मागच्या भिंतीपर्यंतही गेला नसेल.

"व्याह्यांनू," ते म्हणाले, "आमची ही गेली."

मी तिला खांदा दिला होता. तेराव्याच्या पंगतीत वाढायला मी उभा होतो. पण मी त्यांच्यासमोर बसलो, आणि आत्ताच कानावर आल्यासारखं विचारलं,

"कधी? कशी गेली?"

तेव्हा त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि सदऱ्याच्या बाहीने ते पुसत, त्या सकाळी ती नारळ खवायला बसली होती तिथपासून ते सांगू लागले. माझी बायको आतून हात पुसत आली, उंबऱ्यात टेकली आणि पदर तोंडाला लावून ऐकत राहिली.