इंदुताईंच्या तोंडून गेलेली गोष्ट

दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये इंदुताई एकवीस वर्षं कामगारांची हजेरी आणि फायली सांभाळत होत्या. कोणाची सोयरीक मोडली, कोण दारू सोडवायला दवाखान्यात गेला, सगळं त्यांना ठाऊक असायचं. बाहेर कधी गेलं नाही. एकदाच गेलं.

संघदीप तिथे मशीनवर होता. कामात चोख, बोलणं कमी. एका दुपारी त्याने त्यांच्या टेबलावर सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं कार्ड ठेवलं. तपासणीसाठी दर महिन्याला यवतमाळला जावं लागे, त्या दिवसाची सुटी हवी होती.

"ताई, हे तुमच्याजवळच राहू द्या. नाही तं लोकं मले येगळं पाह्यतीन."

त्यांनी झेरॉक्स फायलीत लावली. चार दिवसांनी मॅनेजर नागोराव त्याच्या सुट्यांवरून कुरकुरत होते. त्याची बाजू घ्यायला म्हणून इंदुताई बोलून गेल्या, की पोरगा कामचोर नाही, त्याला सिकलसेल आहे.

त्याच आठवड्यात नागोरावांनी त्याला मशीनवरून काढून झाडायला लावलं. गोष्ट कामगारांत पसरली. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, तरी कामावरच्या बायांनी त्याचा पाण्याचा ग्लास वेगळा ठेवला. पुढच्या हंगामात त्याला बोलावलंच नाही.

संघदीपने तक्रार केली. चौकशीला कामगार अधिकारी आले. सिकलसेल दिव्यांगांच्या कायद्यात येतो, असं आजारावरून कोणाला काढता येत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. नागोराव म्हणाले, आजाराचं आपल्याला माहीतच नव्हतं, काम कमी होतं म्हणून बोलावलं नाही. अधिकाऱ्यांनी इंदुताईंकडे पाहिलं. तुम्ही मॅनेजरला सांगितलं होतं का? नागोराव समोरच बसले होते. इंदुताई नाही म्हणाल्या. तक्रार तिथेच मिटली.

नोकरी संपल्यावर पत्ता काढत त्या मारेगावला गेल्या. संघदीप तिथे मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवत होता. त्यांनी सगळं कबूल केलं आणि खरं काय ते लिहून आणलेला कागद पुढे केला. हा मी कामगार कार्यालयात देते, म्हणाल्या.

त्याने तो सावकाश वाचला.

"गोष्ट तुमच्याकडूनच गेली, हे मले तवाच समजलं होतं," तो म्हणाला. "चुकून गेली असंन. पण साहेबासमोर तुम्ही नाही म्हटलं, ते लय लागलं."

कागद कार्यालयात देतेच, इंदुताई पुन्हा म्हणाल्या.

"आता हे कायले देता? इथं कोणाले माहीत नाही, ताई. पुन्हा माह्या आजाराचा कागद दहा टेबलांवरून फिरंन."

त्याने कागदाची घडी करून त्यांच्या हातात दिली आणि दारात थांबलेल्या गिऱ्हाइकाला आत बोलावलं. इंदुताई उठल्या, स्टँडकडे चालू लागल्या. तो कागद त्यांनी अजून कुठे दिला नाही, फाडलाही नाही.