पाच वर्षांच्या आत

काय आणि कुठून सांगू तुम्हाला! मी राज्यशास्त्रात एम.ए. आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे हसायला सोपं जाईल.

आमचं राळेगाव. घरात सासूबाई, नवरा, सतरा वर्षांची नणंद पिंकी आणि चौदा महिन्यांची माझी चिनू. चिनू झाल्यापासून वर्तमानपत्र सुटलं आणि टीव्हीवर फक्त नाचणाऱ्या भाज्या दिसतात. आपण आई म्हणून बऱ्या आहोत का, ही शंका मला दिवसातून चाळीसदा येते. एका बाबतीत मात्र माझी मान ताठ! चिनूची एकही लस चुकलेली नाही. तिचं लसीकरणाचं कार्ड मी लॅमिनेट केलंय. आता नर्सबाईंना त्यावर लिहिता येत नाही, ती गोष्ट वेगळी.

तर तीन आठवडे ढाणकीला माहेरी राहून परतले. शनिवारी सकाळी अंगणवाडीच्या वंदनाताई स्कूटीवरून जाता जाता फाटकाशी ओरडल्या. आणि नेमका माझा कुकर बोंबलला.

"उद्या शाळेत...(शिट्टी!)...चा बूथ हाय! पाच वर्षाच्या आत हाय बरं! कोनी सुटलं नाई पाह्यजे, शाई लावून घ्या!"

आणि गेल्या भुर्रकन.

बूथ. शाई. पाच वर्षांच्या आत! शिवाय मतदार यादीचं कामही याच वंदनाताईंकडे. सांगा, तुम्ही काय समजला असता? राहू द्या, नकाच सांगू.

नवरा कापसाच्या जिनिंगच्या कामानं नागपूरला. त्याला फोन लावला.

"अहो, उद्या बूथ आहे म्हणे?"

"हो ना, रस्त्यानं बॅनर पाह्यले. चुकवू नको बरं."

झालं! शिक्कामोर्तब! देशाचं सरकार पडलं आणि मी वरणभात भरवत बसले होते!

सासूबाई मारेगावला बहिणीकडे निघाल्या होत्या. पिशवी भरून दारात.

"आई, थांबा! लोकसभा विसर्जित झाली!"

"विसर्जित? आता तं गनपती बी नाईत व!"

मग काय, एम.ए. जागं झालं. "लोकसभेची मुदत पाच वर्षं. पण मंत्रिमंडळानं सल्ला दिला की राष्ट्रपती आधीही विसर्जित करू शकतात. मग मध्यावधी निवडणूक. राज्यसभा मात्र कधीच विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी तिसरा हिस्सा सदस्य निवृत्त होतात, नवे येतात."

"म्हंजे आपल्या घरावानी," सासूबाई म्हणाल्या. "सासवा जातेत, सुना येतेत, चूल चालूच."

इतकी वर्षं शिकून मला हे कधी सुचलं नव्हतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या शबानाभाभी डोकावल्या. "या अल्ला! मले तं कोनीच नाई सांगितलं! ना भोंगा, ना गाडी!"

"प्रचार अठ्ठेचाळीस तास आधी बंद होतो, भाभी," मी म्हणाले. इतक्या ठामपणे, की माझाच माझ्यावर विश्वास बसला.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीनं ओळखपत्रं शोधून ठेवली. सासूबाईंनी पिशवी रिकामी केली.

रविवारी चिनूला पिंकीजवळ ठेवलं. दोघींनाही मताचा अधिकार नाही ना! आणि आम्ही अकरा जणी नटूनथटून शाळेत. शबानाभाभी तर ईदच्या ड्रेसमध्ये.

शाळेत ना रांग, ना पोलीस. "बघा, लोकांना लोकशाहीची कदरच नाही," मी उसासा टाकला. टेबलावर एक निळा डबा.

"मशीन बारकी झाली व यंदा," सासूबाई कुजबुजल्या.

मी पुढे होऊन ओळखपत्र ठेवलं, डाव्या हाताचं बोट पुढे केलं. वंदनाताईंनी बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मागच्या दहा जणींकडे.

"हे काय व?"

"मतदान."

"अवो, पोलिओचा बूथ हाय हा! तुमच्यात पाच वर्षाच्या आतलं कोन हाय?"

अहाहा! धरणी दुभंगायची, तर नेमकी तेव्हाच काँक्रीटची!

"आन् चिनू कुठं हाय?" वंदनाताईंनी विचारलं.

चिनू! अख्खी गल्ली ओढून आणली आणि त्या बूथवर जी एकटी पात्र होती, तिलाच अपात्र ठरवून घरी ठेवलं! चप्पल हातात घेऊन धावले. मागून शबानाभाभी ओरडत होत्या, "आरामसे, मतदान पाच वाजेपर्यंत हाय!"

चिनूला दोन थेंब मिळाले. तिच्या करंगळीवर शाई लागली, आणि माझी मान पुन्हा थोडी, अगदी थोडी, ताठ झाली.

तेवढ्यात बाजूला सासूबाईंचा फोन ऐकू आला. मारेगावची बहीण रुसली होती ना!

"अवं, येनारच होतो! पन आमच्या सुनेनं लोकसभा विसर्जित केली ना... नाई व, राष्ट्रपतीले नाई इचारलं. एम.ए. हाय ते!"