म्हातारीची सावलीही काढली

या ग्रुपवर रोज कुणीतरी विचारतं, की आपल्या कादंबरीतली पाताळाच्या दाराशी बसणारी म्हातारी सिनेमात आहे ना. नाही.

मी अमरावतीत या सिनेमाचं व्हीएफएक्स करते. म्हातारीचं काम भातकुलीच्या पंचफुलाबाईंनी केलं होतं; एरवी त्या भाजी विकतात. लांबी कमी करायची म्हणून दिग्दर्शकांनी ती भूमिकाच काढली आणि प्रत्येक फ्रेममधून त्यांना पुसायचं काम मला दिलं. त्यांना कुणी कळवलं नाही.

आज पंचफुलाबाई सुनेला आणि दोन शेजारणींना घेऊन स्वतःला बघायला स्टुडिओत आल्या. दिग्दर्शकही तिथेच होते. मी सीन लावला. दार होतं, नायक होता.

"पोरी, मी अथीच बसली होती न वं?"

त्या मॉनिटरजवळ आल्या, सीनमधल्या दाराजवळच्या दगडावर बोट ठेवलं आणि हसल्या. "हे पाह्य सूनबाई, माही सावली!"

दिग्दर्शक माझ्याकडे वळले. "ही राहिली कशी? आत्ता काढ."

त्या मागे उभ्या असताना मी ती काढली. सहा मिनिटं लागली. शेजारणी आधी बाहेर गेल्या.

सिनेमा लागल्यावर ते दार नीट बघा. तिथे कुणी बसलं होतं असं वाटलं, तर मला कळवा. ती माझ्या कामातली चूक असेल.