उखा झिपरू

आमच्या चुलतसासऱ्यांनी उभ्या आयुष्यात एकही भांडं सरळ पाहिलेलं नाही. इतर माणसं भांड्यात काय आहे ते बघतात, आबा भांड्याच्या बुडाला काय आहे ते बघतात. पाण्याचा पेला हातात आला की तो एका दमात घशाखाली रिकामा करायचा, मग उपडा करून उजेडाकडे धरायचा आणि चष्मा कपाळावर सरकवून त्यावर घातलेलं नाव मोठ्यांदा वाचायचं, असा त्यांचा पाणी पिण्याचा विधी आहे. मला पाहायला कोरीटची मंडळी नाशिकला आमच्या घरी आली तेव्हा हे आबाही होते. बाकीचे माझं शिक्षण विचारत होते, डोळ्यांनी उंची मोजत होते, आणि हे गृहस्थ पोहे संपवून बशीची उलटी बाजू न्याहाळत होते. बशीवर काहीच सापडेना म्हणून त्यांनी तांब्या उचलला. त्यात अजून पाणी आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते सगळं माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या नव्या पँटवर गेलं. तो दचकून उभा राहिला, माझे वडील पंचा शोधायला धावले, आणि आबांनी शांतपणे आईला विचारलं, "सरस्वताबाई कोन व्हत्यात तुमन्या?" आई चाचरत म्हणाली, "माझी आजी." आबांनी मान डोलावली. "चांगलं घर शे. आजीना तांब्या अजून मोडीमा नही दिधा." माझं लग्न ठरलं ते असं, पणजीच्या तांब्यावर. माझ्या बी.एड.ला कोणी फारसं विचारलं नाही.

सासरी आल्यावर कळलं की गावाला या खोडीची सवय झालेली आहे. एकदा आम्ही एका घरी दुःखाच्या भेटीला गेलो होतो. रडारड चाललेली, कोणीतरी पाणी पुढे केलं, आणि आबांनी पेला उपडा करून विचारलं, "हाऊ पेला तं शहादाना दिखस. तुमनाकडे कसा उना?" ज्यांच्या घरचं माणूस गेलं होतं त्या बाईंनी डोळे पुसत सांगितलं की तो धाकट्या जावेच्या माहेरचा. मग रडणं राहिलं बाजूला आणि जावेच्या माहेरची सगळी वंशावळ निघाली. जाताना त्या बाई मला म्हणाल्या की आज पहिल्यांदा थोडं हलकं वाटलं. प्रकाशा गावच्या एका भंडाऱ्यात तर आबांनी भाजीची रिकामी कढई उपडी करण्यासाठी चार वाढपी कामाला लावले, आणि बुडाला निघालं काय, तर मंडपवाल्याचा मोबाइल नंबर! मोतीबिंदू पिकत चालला तसे ते नावं बोटांनी वाचू लागले. जुन्या भांड्यांवर छिन्नीने ठिपके पाडून अक्षरं काढलेली असतात, त्यांवरून अंगठा फिरवत ते बरोबर ओळखायचे. डॉक्टरांनी ऑपरेशन करून डोळ्यावरची पट्टी काढली आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली, तर यांनी नर्सच्या हातातला स्टीलचा ट्रे मागून घेतला. घरच्यांनी समजावून पाहिलं, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आणि घडा पालथा करायची तर त्यांना हौसच.

या वेडामागचं कारण मला उशिरा कळलं. आबांना मूलबाळ नाही, काकू गेल्यापासून ते आमच्यातच असतात. ते आले तेव्हा त्यांच्याबरोबर जुनी पितळी भांडी आली आणि ती चिंचेने घासताना माझ्या लक्षात आलं की प्रत्येकावर एकच नाव आहे : 'उखा झिपरू'. हे एक नाव नव्हे, दोन नावं. उखा म्हणजे आबांचे आजोबा आणि झिपरू हा त्यांचा धाकटा भाऊ. दोघे एकत्र होते, तेव्हा घरात भांडं आलं की त्यावर दोघांची नावं पडायची. भांड्याला भांडं लागायचंच, पण या दोघांचं असं लागलं की त्याचा आवाज तीन पिढ्या घुमला. कशावरून लागलं ते आता कोणालाच ठाऊक नाही. कोणी मोटेची पाळी म्हणतं, कोणी जावाजावांची धुसफूस. शेत वाटलं, बैल वाटले, भांडीही निम्मी निम्मी झाली. पण नावं कशी वाटणार? झिपरू आपल्या वाटणीची भांडी गाडीत भरून कोरीट सोडून गेला, तो सगळ्या भांड्यांवर भावाचं नाव घेऊनच. पुन्हा तो आला नाही आणि त्याची काही खबरही आली नाही. आबांच्या वडिलांना लहानपणी याच काकाने खांद्यावर बसवून शेतात नेलेलं. मरताना ते मुलाला एवढंच म्हणाले, "काकानी खबर काढजो."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांची घागर भरतात. घरातला कर्ता पुरुष उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट उमटवतो आणि गेलेल्या एकेकाचं नाव घेतो. आबा सगळी नावं घेत उखापर्यंत यायचे आणि तिथेच हात पुसायचे. झिपरूचं नाव नाही. मी एकदा म्हटलं, "आबा, तुमचे आजोबा जाऊन इतका काळ लोटला, त्यांचे भाऊ आता कुठले असायला?" आबा उखडलेच. "खबर उनी का? नही उनी. मंग मी त्याले कसा मारी टाकू?" त्यांच्या हिशोबाने झिपरूबाबा कुठल्यातरी गावात दीडशे वर्षांचे होऊन ओट्यावर तंबाखू मळत बसलेले होते. त्यांना कुठे शोधायचं याविषयी आबांचा स्वतःचा सिद्धान्त होता. "मानूस नाव बदलस, गाव बदलस," ते म्हणायचे, "पन पोरीस्ना मांगे भांडा जातस. अन भांडास्ना मांगे मी जास." लेक सासरी जाते तशी तिच्याबरोबर भांडीही जातात, म्हणून ज्या घरात सून असेल त्या घरातला पेला उपडा! त्या दिवसापासून मला त्यांचा राग येईनासा झाला. उलट कोणाकडे गेले की मीच आधी चोरून बशीखाली बघायला लागले.

अलीकडचीच गोष्ट. सारंगखेड्याच्या यात्रेत मी आणि माझा नवरा आबांना घोडे दाखवायला घेऊन गेलो. माणसं कुठून कुठून येतात, पांढरेशुभ्र घोडे ढोलावर नाचतात, पण आबांनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ते थबकले एका भज्यांच्या दुकानाशी. एक बाई मोठ्या पितळी परातीत बेसन भिजवत होती. भरलेली परात उपडी करायची सोय नव्हती, म्हणून आबांनी सरळ खाली हात घातला आणि बुडावरून अंगठा फिरवायला लागले.

"ओ बाबा, काय करी ऱ्हायनात? पीठ सांडी ना!" बाई ओरडली.

मी माफी मागायला पुढे झाले आणि आबांचा चेहरा पाहून तिथेच थांबले. त्यांचे ओठ हलत होते. अंगठा एकदा फिरला, परत मागे आला, पुन्हा फिरला.

"हाई परात कोनी शे?" त्यांनी विचारलं.

"मन्ही. मन्हा बापनी लगीनमा दिधेल शे."

"अन बापले कोनी दिधी?"

"आमना झिपरूबाबानी शे ती, जुनी. तुम्हले काय करनं शे?"

आबा तिथे मातीतच बसले. पिठाने माखलेले हात त्यांनी जोडले आणि त्या बाईला विचारलं, "कसा शेतस झिपरूबाबा?"

बाईचा राग कुठल्या कुठे गेला. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "त्या तं कव्हयनाच वारनात, बाबा. मन्हा बाप जन्मना त्याना बी पहिले."

खबर आली होती. आपल्या माणसाच्या मरणाची खबर कानी पडली की अंगावरच्या कपड्यांसकट अंघोळ करायची, ही आमची रीत. आबा उठले ते थेट तापीच्या काठावर. मागून माझा नवरा ओरडतोय, "आबा, थंडी शे!" पण ऐकतंय कोण? घोडेवाले पाण्यात घोडे धूत होते. त्यांच्यामध्ये जाऊन आबांनी धोतर-टोपीसकट बुडी मारली. एका घोडेवाल्याने हातातला खरारा थांबवून विचारलं, "कोन गयं, बाबा?"

"मन्हा आजाना भाऊ."

"कव्हय?"

"आत्तेच खबर उनी," आबा म्हणाले आणि पाण्यात उभ्या उभ्या लहान मुलासारखे रडले. मला हसू येत होतं आणि रडूही, दोन्ही खरं. त्या बाईने मग नवऱ्याचा कोरडा सदरा आणि लुंगी दिली आणि गरम भज्यांची पुडी हातात ठेवली, कारण आपण यांची पुतणी लागतो हे एव्हाना तिलाही उमगलं होतं. तिचं माहेर निघालं निझरकडे, सीमेच्या पलीकडे गुजरातेत, कोरीटहून मोटरसायकलवर सहज जाऊन यावं इतक्या अंतरावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

आठवड्याच्या आत आम्ही तिच्या थोरल्या भावाच्या ओसरीवर होतो. त्याने घरातली जुनी भांडी बाहेर काढून मांडली होती, सगळ्यांवर 'उखा झिपरू'. मूळ गाव नंदुरबारकडचं, यापलीकडे त्यांना काही ठाऊक नव्हतं. झिपरू मुलं लहान असतानाच गेला, आणि जिवंत होता तोवर रागापायी त्याने भावाचं नाव तोंडातून काढलं नाही. "मंग हाऊ उखा कोन, तुमना मते?" आबांनी विचारलं. थोरला भाऊ म्हणाला, "आमना झिपरूबाबाना पोऱ्या. लहानपने वारेल." आधी मुलाचं नाव, पुढे बापाचं, अशी नावं आपण लिहितोच; त्यांनी तसंच वाचलं होतं, आणि वाडवडिलांपासून या बिचाऱ्या मुलासाठी ते हळहळत आले होते. आखाजीला ते त्याचंही नाव घेत. पोर होतं म्हणून मोठी घागर नाही, एक छोटा लोटा भरत आणि शेजारी गुळाचा खडा ठेवत.

उखाबाबा म्हणजे काय प्रकरण होतं हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं: दाराएवढा माणूस, मिशीला पीळ, तो गल्लीत शिरला की कुत्रीसुद्धा वाट सोडत. "आमना आजाले गाव थरथर कापे," आबा म्हणाले, "अन तुम्ही त्याले गुयना खडा देतस!" आणि ते जे हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत. सगळी ओसरी हसली. हसू ओसरल्यावर थोरला भाऊ ओशाळून म्हणाला, "चुकनंच आमनं, काका. आते सुधारसूत. तो तुमना आजा, त्यानी घागर तुम्हीच भरा."

"नही," आबा म्हणाले. "चूक सुधारू नका. तुम्ही आमना उखाले हाक मारा, आम्ही तुमना झिपरूले मारसूत. अन गूय बंद नका करू. त्याले जित्तापनी कोन्ही गूय दिधा नही."

त्या आखाजीला उंबऱ्यावर सगळी नावं झाली. उखा झाला. आबांनी कुंकवात पुन्हा बोट बुडवलं, "झिपरू" म्हणाले, आणि बोट उमटवल्यावर तिथेच बराच वेळ वाकून राहिले. मला वाटलं पाठ धरली. हात द्यायला गेले तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. दुपारी पुरणपोळी आणि आमरसाच्या ताटावर निझरचा फोन आला. उखाची घागर भरली, गूळ ठेवला, असं तिकडून सांगितलं. झिपरूची भरली, असं इकडून सांगितलं. दोन्हीकडे मग बोलायला काही उरेना, तरी कोणी फोन ठेवेना.

फोन ठेवल्यावर आबांनी मला जवळ बोलावलं. "त्यास्ना नंबर तुन्हा फोनमा शे का?"

"आहे ना, आबा."

"मी गऊ का पहिले त्यास्ले सांगजो. गावमा मांगेथीन सांगं तरी चाली."

"सणाच्या दिवशी असलं काय बोलता?"

"खबर गई पाहिजे, पोरी," ते म्हणाले. "नही तं त्या बिचारा मले जित्ता समजीसन बठी ऱ्हातीन."

आणि त्यांनी रसाची वाटी पुढे केली. मी तोंड दुसरीकडे करून वाढत होते, त्यामुळे थोडा रस त्यांच्या धोतरावर सांडला.