मुठीवरचे दात

घड्याळं दुरुस्त करणारा माणूस स्वतःला फार शहाणा समजतो. नंदुरबारच्या बाजारात आमच्या ओळीत मी एकटाच, त्यामुळे माझं तर विचारूच नका.

एका दुपारी तापीकाठच्या खेड्यातली एक म्हातारी घडीचा चाकू घेऊन आली. मूठ शिंगाची. पटकीच्या साथीत गेलेल्या तिच्या मुलाचा तो चाकू. दर अमावास्येला ती त्याला तिळाचं तेल चोळायची. ते सुकून डिंकासारखं घट्ट झालं आणि पातं उघडेना.

"भाऊ, उघडी दे. बाकी जसा शे तसाच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. मी हो म्हटलं.

मुठीत दोन स्क्रू होते. घासलेटचे थेंब सोडून दोन दिवस ठेवले. पेचकसाचं टोक घासून खाचेत नेमकं बसेल असं केलं. शिंगाला आच लागू न देता तापलेली सळई स्क्रूच्या डोक्याला टेकवली. मग सोडवायच्या आधी केसभर आवळला, तेव्हा कुठे तो हलला. दोन्ही निघाले, खाचेला ओरखडासुद्धा नाही. घट्ट झालेलं तेल पुसून पातं परत बसवलं, ते सहज उघडू लागलं. मी स्वतःवरच खूश.

तिथेच थांबायला हवं होतं. पण मुठीवर चार-पाच खड्डे होते. इतकं सुरेख काम आणि मूठ ही अशी! मी कानस मारली, विटेच्या भुकटीने घासून लख्ख केली.

म्हातारीने पातं उघडलं, मिटलं, हसली. मग मुठीवर अंगठा फिरवू लागली. पुन्हा पुन्हा.

"त्यान्हा दात व्हतात आठे. कोठे गयात?"

शेळ्यांसाठी पाला तोडायला झाडावर चढताना मुलगा चाकू दातांत धरायचा, ती सांगू लागली; ते खड्डे त्याच्याच दातांचे. एरवी मी गिऱ्हाइकांशी अहिराणीच बोलायचो, पण तेव्हा तोंडातून शाळेतली मराठी निघाली. "तेलाने शिंग मऊ पडलं होतं, माय. खरवडावंच लागलं."

साफ खोटं. ती माझ्यावर चिडली असती तर किती बरं झालं असतं. ती आपल्या हातांकडे बघत बसली.

"मंग मन्हाच हाते गयात," ती म्हणाली.

मी कानस हळूच फडक्याखाली सरकवली. पायरी उतरताना तिला हात मात्र दिला.