इनायतुल्लाचाचाची कमान

अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या भिंतीला भिंत लागून इनायतुल्ला पिंजारी राहायचा. दिवसभर त्याच्या रुई पिंजायच्या कमानीची टँव-टँव, मधे मधे खोकला. आमच्या घरी रेडिओची गरजच नव्हती.

ती सालं अशी, की कापूस पिकवणाऱ्यांनाच नवी गादी परवडेना. पंधरा-पंधरा वर्षांच्या गाद्या उसवून तीच रुई पुन्हा पिंजायला यायची. रुई कमी, धूळ जास्त. ती सगळी चाचाच्या छातीत. डॉक्टर म्हणाले, कमान सोडा.

अशात अमरावतीहून गीतांजली मॅडम आल्या. पर्यावरण सांभाळून धंदा करणाऱ्यांवर विद्यापीठाचं संशोधन होतं. तीच रुई फिरून वापरतात, हे त्यांना फारच आवडलं. वर बातमी अशी, की या कामातून एका पिंजाऱ्याला धूळ ओढून घेणारं पिंजायचं मशीन मिळणार. चाचाच्या बायकोनं, नसीमबानोभाभीनं, लगेच त्याच्यासाठी कोपरा झाडून ठेवला.

चाचा माझ्याकडे आला. "भाऊ, मॅडमले काय सांगू?"

मला खोडी सुचली. "चाचा, त्यायले जुनंच आवडते. मशीन मांगाल तं नाव कटन. म्हणा, बापाची कमान हाय, मशीनले हात नाई लावत."

मॅडमनी सरळच विचारलं, "चाचा, खोकता फार. मशीन दिलं तर घ्याल?"

"तौबा! मशीननं रुई मरते, बेटा. मले काय कमी हाय?"

"अजी, खरं सांगा ना!" भाभी दारातून ओरडली.

"तू चूप बस."

मॅडमनी ऐकलं तसं लिहिलं. पलीकडच्या गल्लीतला गुलफाम पिंजारी नुसतं "द्या" म्हणाला. मशीन त्याच्याकडे गेलं. चाचाला मिळाला चौकटीतला फोटो. त्यात तो हसतोय असं लोकांना वाटतं. तो खोकला दाबतोय. मग विद्यार्थी यायला लागले. "चाचा, एकदा वाजवून दाखवा ना!" तो दाखवायचा.

फाल्गुनात त्यानं अंथरूण धरलं. खालची गादी दगडासारखी. भाभीनं ती उसवली, गाठोडं माझ्या सायकलवर ठेवलं.

"गुलफामकडं न्या. सल्ला तुमीच देल्ला होता ना?"

नेलं. गुलफामच्या दुकानात धुळीचा कण नव्हता.

गादी चाचाची म्हटल्यावर त्यानं विचारलं, "काहून? चाचा तं मशीनले हात नाई लावत म्हणे!"

"हात कुठं लावते? पाठ लावून राहिला," मी म्हणालो. दोघंही पोट धरून हसलो.

गाठोडं जाताना जड होतं. येताना अर्धं उरलं. बाकी सगळी धूळच होती.